तिसरा बोल्ट

चन्नम्माला राग येत नसे असं कुणी सांगितलं तर तिची सगळी गल्ली हसेल. तिला राग यायचा, आणि चांगला घरभर ऐकू जाईल असा यायचा. पण त्या रविवारी सकाळी ओसरीत जुनी चादर अंथरून ती फियाटचा गिअरबॉक्स खोलायला बसली तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि तिचा नवरा बसलिंगप्पा त्यालाच जास्त घाबरला होता.

त्याचं असं झालं होतं. टेंभुर्णीचा एक हॉटेलवाला येऊन गाडी बघून गेला आणि बसलिंगप्पानं तिला न विचारता ती त्याला देऊन टाकायचं कबूल केलं. गाडी हॉटेलच्या दारात उभी राहणार, बॉनेटमध्ये माती भरून शेवंती लावणार आणि जेवून ढेकर देणारी माणसं तिला टेकून फोटो काढणार.

"अप्पांच्या गाडीची कुंडी करता व्हय?" चन्नम्मा म्हणाली होती. "गिअरचे दात तुटलेत न्हवं आतले? कुठला तुटलाय ते बघते आन् एमआयडीसीतनं तसला करून आणते. पण गाडी देत न्हाय."

गाडी तिचीच होती. तिच्या वडिलांचं, अप्पांचं, मंगळवेढ्यात मोटार दुरुस्तीचं दुकान. ही पोरगी पाने-पकडींशी खेळतच मोठी झाली. अप्पांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली फियाट तिला लग्नात दिली, आणि चालवायला शिकवूनच दिली. पुढं कैक वर्षं ती नवऱ्याला शेजारी बसवून अक्कलकोट रोडच्या त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यावर जायची. मग एके दिवशी पहिला गिअर पडेना. बसलिंगप्पानं ओळखीचा मिस्त्री आणला आणि संध्याकाळी निकाल सांगितला की गिअरबॉक्स गेला, आतले दात तुटले, पार्ट मिळत नाहीत. तेव्हापासून चन्नम्मा स्कूटरवर मागं बसायला लागली. तिनं कधी उघडून बघितलं नाही. घरच्या माणसाच्या शब्दाला कोण पाना लावून बघतं?

कारखान्यातल्या दोघांनी आदल्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरवून दिला होता. चन्नम्मानं तेल काढलं, झाकण उघडलं, आणि एकेक चाक बाहेर काढून भाकरीच्या परातीत रॉकेलनं धुवायला घेतलं. परात भाकरीची होती हे तिलाही कळत होतं, पण त्या दिवशी तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

"राहू दे की. हात कशाला काळं करतीस?" बसलिंगप्पा म्हणाला. मग तो आत गेला आणि चहा करून घेऊन आला. अख्ख्या संसारात या माणसानं चहाचं पातेलं उचललं नव्हतं. चन्नम्मानं चहा घेतला, पण तिला तो बरा वाटला नाही.

तिनं प्रत्येक दातावरून नख फिरवलं. एकही तुटलेला नव्हता. साधा टवकासुद्धा उडालेला नव्हता. अप्पांनी बसवलेली चाकं जशी होती तशी चकचकत बाहेर येत होती, आणि प्रत्येक चाकागणिक तिचा जीव सुखावण्याऐवजी जास्तच कावराबावरा होत होता. दात शाबूत, तर मग गिअर का पडत नव्हता?

शेवटी तिनं गिअर सरकवणारे तीन काटे पुसायला घेतले. प्रत्येक काटा दांडीला एका बोल्टनं पक्का केलेला असतो. खोलताना काढलेले बोल्ट तिनं वाटीत ठेवले होते, ते दोनच होते. पहिल्या गिअरच्या काट्याचं भोक रिकामं होतं.

"हरवला की माझ्या हातनं," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली. अप्पा असते तर डोक्यात टपली मारली असती. तिनं ओसरी झाडली, रॉकेल चहाच्या गाळणीतून गाळलं, चादर झटकली, गुडघ्यांवर रांगत पायरीखाली बघितलं. बसलिंगप्पाही वाकला. मोबाईलचा उजेड पाडून तो तिच्या पुढं पुढं शोधत होता. "हितं न्हाय," तो म्हणायचा. "तितं बघू का?"

तेवढ्यात समोरच्या घरातली मल्लव्वा आली. परात, वाट्या, ताटल्या बघून म्हणाली, "गिअर खोलतीस का लग्नाची पंगत वाढतीस गं? काय हरवलंय सांग, मी पण बघते."

"बोल्ट गं. बोटाएवढा. चौकोनी डोक्याचा, खाली निमुळता..." चन्नम्मानं दोन बोटांत माप धरून दाखवलं, आणि बोटं तशीच राहिली. हे माप तिच्या हाताला ठाऊक होतं. दर खंडेनवमीला कारखान्यातल्या हत्यारांची पेटी घरी यायची. पाटावर पाने, कात्र्या, हातोडी मांडून ती विभूती लावायची, झेंडू वाहायची. त्यात एक बारकी वस्तू असायची. यंत्रमागाचं काहीतरी असेल म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती उठून आत गेली. दसरा होऊन चार दिवस झाले होते, पेटी अजून कोपऱ्यातच होती. पान्यांच्या तळाशी तो बोल्ट निघाला. चौकोनी डोक्यावर तिच्याच बोटानं ओढलेली विभूती, आणि चिकटलेली झेंडूची एक सुकी पाकळी.

तिनं तो बाहेर आणून काट्याच्या भोकात घातला. बसला.

बसलिंगप्पा अजून पायरीशी वाकलेला होता. हातातला उजेड विझवायचंही त्याला सुचलं नाही.

"माझ्यासंगं शोधत हुता तुमी," चन्नम्मा म्हणाली. तिला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

"लोक हसायचे," तो खालमानेनं म्हणाला. "बसलिंगप्पाला बायको हाकत नेती म्हणायचे. कारखान्यात, मठात, सगळीकडं. म्हणून मिस्त्रीकडनं आधीच काढून घेतला."

"मग टाकून द्यायचा. जपून कशाला ठेवला?"

"चांगलं लोखंड हाय. पूजेतलं झालं मग. कसं टाकू?"

मल्लव्वा तोंडाला पदर लावून उभी होती. जायचं मात्र तिनं नाव काढलं नाही.

"माझ्या हातनं पूजा करून घेतली त्याची," चन्नम्मा म्हणाली. आता आवाज चढला. "दर साली. आन् अप्पा शेवटचे पडले हुते, काय विचारलं त्यांनी? पोरी, गाडी चालती का? मी काय सांगितलं?"

त्यानं आता कुठं मोबाईलचा उजेड विझवला.

"चालती की अप्पा, मी म्हणाले. मरत्या बापाशी खोटं बोलले मी, तुमच्या या लोखंडापायी."

एवढ्या संतापातही बोल्ट तिनं रॉकेलात स्वच्छ धुतला, कारण गिअरमध्ये राख गेलेली अप्पांना खपली नसती. मग पाना उचलला.

"लावा फोन टेंभुर्णीला. गाडी द्यायची न्हाय, गाडी चालती, म्हणून सांगा."

"अगं, अजून जोडली कुटं हाय?"

"मी न जोडलेलीच चालवली अप्पांपुढं. आता तुमची पाळी. बोला."

बसलिंगप्पानं फोन लावला. पायरीकडं बघत तो पुटपुटला, "गाडी... चालती."

"मोठ्यानं," चन्नम्मा म्हणाली, आणि तिनं तिसरा बोल्ट आवळायला घेतला.