हाडातले टाके

मलकपेठच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी सगळी कबुतरं परत आली, तेव्हा फक्त हणमंतरावांना नवल वाटलं नाही.

सकाळीच त्यांनी ती महबूबभाईंच्या हवाली केली होती. महबूबभाई म्हणजे दिलसुखनगरचे जुने कबुतरबाज दोस्त. टोपल्या भरताना त्यांनी रीतसर विचारलं होतं, "पंख बाँध लेतूँ मियाँ? नै तो शाम तक वापस आ जाते इनों."

"नक्को," हणमंतराव म्हणाले, "मेरे कबूतरों के पंख आज तक कोई नै बाँधा."

महबूबभाई काय ते समजले आणि गुपचूप रिक्षात बसले. वीज मंडळातल्या उभ्या नोकरीत हणमंतरावांनी असा साळसूद डाव कधी खेळला नव्हता.

डाव खेळायची वेळ डॉक्टरांनी आणली. वर्षभराचा कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा दम, मग स्कॅन. कबुतरांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसांवर व्रण पडलेत, पक्षी घरातून गेलेच पाहिजेत, असं डॉक्टरांनी बजावलं. हणमंतरावांनी मान डोलावली, पण मनातून ते निर्धास्त होते. त्यांची एकुलती लेक प्रियदर्शिनी तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत नेमकं यावरच काम करत होती. दर्शू औषध काढतेय, हे त्यांनी दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. मग घाई कसली?

त्या संध्याकाळी दर्शू आली तेव्हा ते मूठभर बाजरी घेऊन गच्चीत उभे होते आणि एक पिसारेदार शेपटीचं लक्का कबुतर त्यांच्या खांद्यावर बसलं होतं. तिनं त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि गच्चीचं दार लावलं.

"रागावू नको," ते म्हणाले. "तुझं औषध येईपर्यंत राहू दे. मग व्रण काय, धुऊन निघतील."

दर्शू जिन्याच्या पायरीवर बसली. "बाबा, असं औषध नाहीये माझ्याकडे."

"येईल की."

"ऐका तरी. फुफ्फुसात कोलॅजनचे धागे असतात. ते एकमेकांना टाक्यांनी जोडलेले असतात. चांगल्या फुफ्फुसात टाके मोजके, जरा सैल. शरीर जुने धागे कापतं, नवे घालतं, म्हणून फुफ्फुस फुगतं आणि बसतं. व्रणात धागे वाढतात, आणि टाके बदलतात. हाडात असतात ना, तसले पक्के टाके पडायला लागतात. ते शरीराला सहजी कापता येत नाहीत. आणि जागा ताठरली की तिथल्या पेशी अजून धागे घालत बसतात."

"हाडातले टाके? फुफ्फुसात?"

"हो. मी रोज तेच मोजते."

"मग उसवायचे कसे, ते शोधतेस ना तू?"

"नवे कमी कसे पडतील, ते शोधतेय. पडलेला टाका उसवलेला मी अजून एकदाही पाहिला नाही, बाबा. लोकांच्या फुफ्फुसांचे तुकडे असतात माझ्यासमोर. आता त्यात मला तुम्ही दिसता."

गावभर मिरवलेलं औषध नव्हतंच, याचं हणमंतरावांना वाईट वाटलं. पण आपल्या त्या बढाईचं ओझं ही पोर एकटी वाहत होती, याचं त्याहून जास्त वाटलं. त्यांनी खिशातून फोन काढला.

"महबूबभाई, आओ. इस बार पंख बाँध के लेके जाओ."

महबूबभाई आले, पण कबुतरं काही त्यांच्या हाताला लागेनात. सगळी जाऊन पाण्याच्या टाकीवर बसली. ती एकाच आवाजाला उतरत. हणमंतराव लेकीसोबत अंगणात गेले. मोकळ्या हवेत उभं राहून त्यांनी दाण्याची हाक घातली, "आऽऽ ओ, आऽऽ ओ."

टाकीवर फडफड झाली आणि कबुतरं गच्चीवरच्या खुराड्यात उतरली. महबूबभाईंनी एकेक धरून पंखांना दोरा बांधला.

एक पांढरी मादी तेवढी वर राहिली. हणमंतरावांनी पुन्हा तोंड उघडलं, पण हाकेऐवजी खोकल्याची उबळ आली. गुडघ्यांवर हात टेकून ते वाकले.

"राहू द्या बाबा. आपोआप येईल ती."

त्यांनी मान हलवली. श्वास गोळा व्हायला वेळ लागला, पण ते ताठ झाले आणि होता नव्हता तो सगळा दम लावून त्यांनी हाक मारली. पांढरी मादी लगेच उतरली. धनी बोलावतोय म्हणजे दाणे असणारच, असं तिला वाटलं असावं.

हणमंतराव अंगणातच मटकन खाली बसले आणि लेकीसमोर पहिल्यांदाच हुंदके देऊन रडले. रडताना दम लागला, म्हणून त्यांना रडणंही थांबवावं लागलं. दर्शू त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.