चाळून घेतलेला वारा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताकडे बघू नका, मी तिथे नाही. मी संगणकाच्या डब्यात राहतो. तळहाताएवढा आहे, सात पात्यांचा. तुम्ही संगणकापुढे बसता तेव्हा टेबलाखालून जी बारीक घरघर ऐकू येते, ती माझी. एवढ्याशा जिवाला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हजारो भावंडं एकाच खोक्यात होतो, एवढंच. माझी पहिली खरी आठवण नांदेडच्या एका दुकानातली आहे. तिथल्या माणसाने मला आणि माझ्या एका जोडीदाराला डब्याच्या पुढच्या बाजूला बसवलं आणि तिसऱ्याला मागे. पुढच्या दोघांनी वारा आत घ्यायचा, मागच्याने बाहेर टाकायचा. त्याने कळ दाबली आणि मी फिरलो. मला केवढं नवल वाटलं! मी जागचा हलत नव्हतो आणि तरी सगळी हवा माझ्यातून चालली होती.

मग एका बाईंनी आम्हाला चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि भोकरच्या बसमध्ये बसवलं. त्या उज्वलाबाई. भोकर तालुक्यातल्या एका खेड्यात, सातवीपर्यंतच्या शाळेत त्या शिकवतात. त्यांचे यजमान दयानंद शेती करतात, आणि उन्हाळ्यात अंगणात हळद घासायचा ढोल चालवतात. उकडून वाळवलेली हळकुंडं त्या मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवली की वरची साल निघते आणि हळद चकचकीत होते. साल मात्र हवेत उडते. एप्रिलमध्ये त्या घरात मांजरसुद्धा पिवळं दिसायचं.

आम्हा पंख्यांचं एक असतं. ज्या बाजूने वारा ओढतो, त्या बाजूला आमचं तोंड. त्यामुळे पहिली काही वर्षं मी खोलीकडे बघत होतो. दार, दारापलीकडचं अंगण, हळदीचे ढीग, येणारी-जाणारी माणसं. मजेत होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दयानंदांनी डब्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"आतली गरमी बाहेर फेकाया पायजे," ते म्हणाले. "हे दोघं उलटे बाहेरची गरम हवा आत घिऊन राहिलेत. नांदेडवाल्याला अक्कल न्हाई."

यंत्राच्या बाबतीत दयानंदांचा शब्द घरात शेवटचा. त्यांनी पेचकस घेतला, आम्हा दोघांना काढलं आणि उलटं करून बसवलं. आता तिघंही वारा बाहेर फेकू लागलो. माझं तोंड आतल्या बाजूला झालं. मी रुसलो, हे कबूल करतो.

पण आत बघितलं आणि रुसवा विसरलो. मित्रांनो, आत एक अख्खं गाव होतं. हिरव्या पाटीवर तांबड्या रेघांचे रस्ते, लुकलुकणारे दिवे, आणि मधोमध पत्र्याच्या पात्यांखाली तो बसलेला, सगळी आकडेमोड करणारा. तो बोलत नाही, हलत नाही. पण कठीण काम आलं की त्याच्या अंगातून ऊब निघते. विचार करायलाही आच लागते, हे मला तिथे कळलं. ती आच उचलून बाहेर नेण्याचं काम आपलं, या गोष्टीचा मला अभिमान वाटू लागला.

या वर्षी त्याच्यापुढे सगळ्यात कठीण काम आलं. बाईंच्या सातवीच्या वर्गात रत्नम्मा नावाची मुलगी होती. तिचे आईवडील तेलंगणातून गावाजवळच्या वीटभट्टीवर आले होते. तिने एकदा पुस्तकातल्या शनीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, हे कडं खरं असतंय का, का नुसतं काढलंय?"

बाईंनी घरी येऊन ते सांगितलं आणि म्हणाल्या, "मी तिला शब्द देऊन बसले. जवळून दाखवते म्हणाले."

शनीच्या कड्यांजवळून जाणारा चार मिनिटांचा चित्रपट त्या संगणकावर बनवणार होत्या. चार मिनिटांना सहा हजार चित्रं लागतात, आणि एकेक चित्र रंगवायला आमच्या संगणकाला चार मिनिटं. दिवसरात्र चाललं तर सतरा दिवसांचं काम. एक मेला निकाल, आणि त्याच दुपारी रत्नम्माचं बिऱ्हाड भट्टीवरून निघणार होतं. नऊ एप्रिलला बाईंनी काम सुरू केलं. हिशोब नीट बसत होता.

तीन दिवसांनी भर दुपारी सगळं एकदम बंद पडलं. मधोमध बसलेल्याला आच सोसवेना, म्हणून त्याने स्वतःला विझवून घेतलं. दयानंदांनी डबा उघडला तर आतलं ते गाव हळदीखाली गाडलं गेलं होतं. पत्र्याच्या पात्यांमध्ये पिवळा लगदा, माझ्या पात्यांवर पिवळी साय. त्यांनी सायकलचा पंप आणि रंगाचा ब्रश घेऊन तासभर साफसफाई केली. काम पुन्हा सुरू झालं, आणि पाच दिवसांत पुन्हा बंद पडलं. पुन्हा साफसफाई, पुन्हा दोन दिवसांत तेच. तापलेला संगणक चालू असतानाही हळू काम करत होता. वीस एप्रिलला चित्रं मोजली तर अडीच हजार.

"ढोल बंद ठिवतो धा दिवस," दयानंद म्हणाले.

"अहो, दारात आठ घरांची हळद पडली आहे," बाई म्हणाल्या. "त्यांनी कुठं जायचं? त्यापेक्षा मीच रत्नम्माला सांगते, झालं नाही म्हणून."

असं म्हणून त्या उठल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी जीव तोडून फिरत होतो आणि तरी हे होत होतं. आपल्याच पोटात धूळ कशी भरते, हे माझं मलाच कळत नव्हतं.

दयानंदांच्या आई केवळाबाई. सकाळची पूजा झाली की त्या उदबत्ती घेऊन घरभर फिरतात. देव, मग चूल, मग ढोलाची मोटर, मग संगणक. चालत्या यंत्राला ओवाळल्याशिवाय त्या चहाला हात लावत नाहीत. एकवीस तारखेला, संगणक पुन्हा सुरू केलेला असताना, त्या नेहमीप्रमाणे आल्या, उदबत्ती डब्याच्या बाजूला धरली आणि तशाच थांबल्या.

"दया, हिकडं ये. धूर आत जाऊन राहिला."

"आई, तिन्ही पंखे बाहेर फेकून राहिलेत. आत कसा जाईल?"

"मंग तूच बघ की."

दयानंद बघू लागले. धूर बाजूच्या झाकणाच्या फटीपाशी गेला आणि दोऱ्यासारखा आत ओढला गेला. केवळाबाईंनी उदबत्ती मागच्या भोकांपाशी नेली, तिथेही तेच. वरच्या पत्र्याच्या सांध्यापाशीही तेच. फक्त आम्हा पंख्यांसमोर धूर बाहेर उडत होता. बाकी सगळ्या डब्याला जणू शंभर तोंडं फुटली होती.

"तिघं बी बाहेर फेकून राहिले, तर आत यायचा वारा कुठून येईल?" केवळाबाई म्हणाल्या. "मिळंल त्या फटीतून येतो, आन् येताना हळद घिऊन येतो. म्या खळ्यावर जलमभर उपणलं, मला वारा कळतो. पीठ आपण चाळून घेतो का न्हाई? तसा वारा बी चाळून घ्या की."

मित्रांनो, मी जन्मभर वाऱ्यातच राहिलो, आणि वारा काय करतो ते मला एका उदबत्तीने दाखवलं. फेकलेल्या प्रत्येक झुळकेच्या जागी दुसरी झुळूक येतेच, ही एवढी साधी गोष्ट! मी थक्क झालो.

दयानंदांनी उदबत्ती हातात घेऊन ती फट पुन्हा एकदा तपासली. "दोन वर्षं म्याच ह्याचा गळा दाबून राहिलो," एवढं म्हणाले आणि पेचकस आणायला गेले.

त्यांनी डबा स्वच्छ केला आणि आम्हा दोघांची तोंडं पुन्हा खोलीकडे केली. मागचा एकटा बाहेर टाकणारा राहिला. जमिनीलगत हळद जास्त उडते, म्हणून डबा पाटावर ठेवला. केवळाबाईंनी आम्हा दोघांपुढे मलमलीची दुहेरी घडी लावली. माझा जीव घुसमटला, वारा येईना. उदबत्ती फिरवली तर धूर पुन्हा फटीतून आत. मग बाईंनी त्यांची एक जुनी विरविरीत ओढणी आणली, तिचा एकेरी तुकडा ताणून बसवला. मला मोकळा वारा मिळाला, तोही चाळलेला.

केवळाबाईंनी उदबत्ती त्याच फटीपाशी धरली. धूर जवळ गेला, थबकला आणि मागे फिरला. आत येणारा वारा आता जाणाऱ्यापेक्षा जास्त होता, म्हणून प्रत्येक फटीतून तो बाहेरच ढकलला जात होता. कुणी दार लावलं नव्हतं, बोळा कोंबला नव्हता, आणि तरी हळदीला आत पाऊल ठेवता येत नव्हतं. तिघंही तो धूर बघत उभी राहिली. चहा निवून गेला.

राहिली साडेतीन हजार चित्रं आणि दहा दिवस. केवळाबाई रोज संध्याकाळी ओढणीचा पिवळा झालेला तुकडा काढून धुवायच्या आणि दुसरा लावायच्या. अंगणात ढोल फिरत होता, आत मी फिरत होतो. सव्वीस तारखेला दुपारी चव्वेचाळीस अंश ऊन होतं. दयानंद ढोल माणसांवर सोपवून आत आले आणि डब्यावर हात ठेवून बसून राहिले. हात मागे घ्यावा लागला नाही.

एक मेच्या सकाळी बाई उठल्या तेव्हा सहा हजारावं चित्र तयार होतं.

झेंडावंदन झालं, निकाल वाटले गेले. मला पुन्हा चादरीत गुंडाळून शाळेत आणलं होतं. वर्गाच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि माझा डबा भिंतीशी, मुलांकडे तोंड करून ठेवला. शाळेच्या प्रोजेक्टरमधून चित्र उमटणार होतं माझ्या मागच्या भिंतीवर. म्हणजे ज्याच्यासाठी मी सतरा दिवसांहून जास्त राबलो, तो शनी मला दिसणार नव्हता. दिसत होती ती समोर बसलेली बावीस मुलं, दाराशी उभे दयानंद, आणि खुर्चीवर केवळाबाई.

आणि मित्रांनो, मी तुम्हाला हेच सांगायला इतका वेळ बोलतोय. गच्च भरलेल्या खोलीतला वारा कधी स्थिर नसतो. बावीस मुलांचे श्वास त्यात ये-जा करत असतात, ते माझ्या ओढणीला जाणवतात. कडी जवळ आली असतील तेव्हा मुलांच्या तोंडांवर सोनेरी उजेड पडला आणि ते श्वास थांबले. सगळे, एकदम. मी ओढत होतो आणि समोरून कुणाचाच श्वास येत नव्हता. एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

मग रत्नम्मा हळूच म्हणाली, "खरं हाय की."

दुपारी ती आईवडिलांबरोबर भट्टीच्या ट्रॅक्टरमधून गेली. पुढे कुठल्या शाळेत गेली की नाही गेली, मला माहीत नाही. बाई ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत फाटकाशी उभ्या होत्या.

आता माझा आवाज थोडा खरखरतो, पण फिरतो अजून. माझं मागणं फार नाही. तुमच्या घरी संगणक असेल तर घरच्या मोठ्या माणसाला उदबत्ती धरायला सांगा आणि त्याच्या डब्यात वारा कुठून शिरतो ते एकदा बघा. त्याला चाळून आत घ्या आणि ते कापड आठवणीने धुवा. आत कुणीतरी तुमच्यासाठी आच सोसत विचार करत बसलेला असतो. आणि बाहेर कुणीतरी रत्नम्मा श्वास रोखून ते बघायला थांबलेली असते. तिच्यापाशी दुपारपर्यंतचाच वेळ असू शकतो.