डाव्या चाकाचं माप

"चाकाचं माप घ्यायचं ते गाडी जमिनीवर उभी असताना, आणि घ्यायचं ते चारही चाकांचं. जॅकवर लटकलेली गाडी म्हणजे पाहुण्यांसमोर पोट आत ओढून बसलेला माणूस. तिच्यावर भरवसा ठेवू नकोस, सूनबाई."

सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण कामात हात असताना त्यांचा आवाज वहिनीच्या कानात असा अधूनमधून यायचा. त्यात काही नवल नव्हतं. थोरल्या मुलाला ग्रीसचा वास सोसायचा नाही, म्हणून तो शाळेत शिकवायला गेला. धाकट्याला वास सोसायचा, पण धीर नव्हता. मग म्हाताऱ्याने चाकं बसवण्याचं दुकान थोरल्या सुनेच्या हाती दिलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "मालक कुठे आहेत?" आता तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगायचं, "बाईंनी माप दिलं ना? मग डोळे मिटून घे."

आज मात्र तो आवाज आला आणि वहिनीचा हात पान्यावरच थांबला.

समोर अंगणात सासऱ्यांची पन्नास वर्षांची पिकअप उभी होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, मागे फळ्यांचा हौदा. तिला आजच नवी रुंद चाकं चढली होती, चकचकीत, पाच आऱ्यांची. धाकट्या दिराने ती लांबून मागवली होती, वहिनीने पुठ्ठ्यावर लिहून दिलेल्या चार मापांवर. बोल्टांमधलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, चाकाची रुंदी. आणि चौथं माप सगळ्यांत अवघड: चाक हबवर, म्हणजे आसाच्या टोकावरच्या तबकडीवर, टेकतं ती जागा चाकाच्या आतल्या कडेपासून किती लांब. चाक मडगार्डच्या आत किती शिरणार, हे त्या चौथ्या आकड्यावर ठरतं.

उद्या सकाळी घाटाखालच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळा होता. पिकअप तिथे न्यायची होती, आणि चालवणार होती दिराची मुलगी, ठकी. परवाना मिळून तिला दोनच महिने झाले होते. आजोबांची गाडी पहिल्यांदा चालवायची म्हणून ती पहाटेपासून जागी होती.

"वहिनी, बघा तरी कशी दिसतेय!" दीर चाकावरून फडकं फिरवत म्हणाला. "नवरदेव दिसतोय नवरदेव!"

"पन्नास वर्षांचा नवरदेव," समोरच्या दुकानातले सुतार म्हणाले. "दात बघून घ्या आधी."

हसतहसत सुतार हौद्यात चढले. मागोमाग त्यांचा भला थोरला मेव्हणाही चढला. एक चक्कर मारून येऊ, म्हणाले. दिराने आत बसून स्टिअरिंग पार डावीकडे वळवून गाडी मागे घेतली, आणि तेव्हाच वहिनीला ते ऐकू आलं.

खर्र. एकदाच, पुसटसं.

बाकी कोणाच्या कानी ते गेलं नाही. सुतार मेव्हण्याला सरकून बस म्हणत होते, ठकी टाळ्या वाजवत होती. वहिनी हातात पाना घेऊन जागच्या जागी उभी राहिली. खडा असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मनाला ते पटलं नाही.

मापं घेतली त्या दिवशी पिकअपची डावी बाजू भिंतीला चिकटून होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. वहिनीने उजव्या बाजूला जॅक लावला, पुढचं चाक काढलं, आतून बाहेरून मापं घेतली, हाताने फिरवून पाहिलं. डावं काय वेगळं असणार, म्हणून गाडी पुढे घ्यायचा कंटाळा केला. एका चाकाचं माप, तेही लटकत्या गाडीवर. ज्या दोन गोष्टी करू नकोस म्हणून सासऱ्यांनी शंभरदा बजावलं होतं, त्या दोन्ही तिने एका दमात केल्या होत्या, आणि पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात 'सर्व चाकांसाठी' असं लिहून खाली रेघही ओढली होती.

दीर खाली उतरला. "चल ठके, बस. चौकापर्यंत जाऊन ये."

दुकानापासून चौकापर्यंत रस्ता सरळ उताराचा होता. खाली चौकात बस, सायकली, शाळा सुटलेली मुलं. ठकीने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि किल्ली फिरवली.

बोलावं तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचं. "बाईंनी माप दिलं ना" म्हणणारे उद्यापासून दुसरीकडे जातील. आणि गप्प बसावं तर? वहिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि पुढचं पाऊल तिच्याही आधी पडलं. ती गाडीसमोर गेली आणि बॉनेटवर हात ठेवला.

"इंजिन बंद कर, ठके."

"काय झालं काकू?"

"आधी बंद कर. हँडब्रेक ओढ."

दिराच्या कपाळाला आठी पडली. "आता काय राहिलं? नट मी स्वतः आवळलेत."

"नटांचं नाही म्हणत मी. डाव्या चाकाचा आवाज आला."

"मला नाही आला!"

"मला आला, भावजी."

"तुम्हाला काय, मांजर शिंकलं तरी ऐकू येतं," दीर सुतारांकडे बघत म्हणाला. "अहो, मापं घेताना तुम्हीच चाक जॅकवर फिरवून दाखवलंत ना? दोन बोटं जागा आहे म्हणालात!"

"म्हणाले होते. आता पुन्हा बघू दे." मग हौद्याकडे मान वळवून ती म्हणाली, "तुम्ही दोघं उतरू नका. वजन हवंय मला."

"आयुष्यात पहिल्यांदा कोणाला माझं वजन हवंय," मेव्हणा म्हणाला. पण वहिनीचा चेहरा पाहून तो नीट मांडी घालून बसला.

वहिनीने दुकानातून पांढरा खडू आणला. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, जमिनीवर गोणपाट टाकलं आणि आडवी झाली. हात आत घालून तिने डाव्या टायरची आतली कड खडूने नीट पांढरी केली. "ठके, स्टिअरिंग हळूहळू डावीकडे. पूर्ण. आता उजवीकडे. पुन्हा डावीकडे. भावजी, तुम्ही पुढच्या बंपरवर भार टाका. जोरात."

दीर कुरकुरत बंपरवर बसला आणि उसळी मारून पुन्हा बसला.

"काय दिसतंय?" त्याने वाकून विचारलं.

"खाली या. स्वतः बघा."

दीर गुडघ्यांवर टेकला, मग कोपरांवर, आणि टॉर्चच्या उजेडात पाहू लागला. टायर आणि स्प्रिंगच्या मधून ब्रेकचा काळा रबरी पाइप खाली येत होता. त्याच्यावर खडूचा पांढरा पट्टा उमटला होता, बोटभर लांब. पट्ट्याच्या मध्यावर रबराची लकाकी गेलेली होती.

"बाबांनी पुढे दुसऱ्या गाडीचे ब्रेक बसवले होते, आठवतंय?" वहिनी हळू आवाजात म्हणाली. "डावीकडचा पाइप तेव्हा थोडा लांब मिळाला. गाडी जॅकवर असली की तो ताठ असतो, टायरपासून लांब. वजन पडलं की पोट काढतो. घाटातल्या एकेका वळणावर टायर त्याला घासणार. एक वळण, दहा वळणं... तिसाव्याला पाइप फुटला, तर ठकी ब्रेक दाबेल आणि पाय नुसता खाली जाईल."

ठकी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर घेऊन बसली होती. हौद्यात मेव्हण्याने बूड सावरलं तशी फळी करकरली.

"मग माप चुकलं कोणाचं?" दिराने विचारलं. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि वहिनीला तेच जास्त लागलं.

ती गोणपाटावरून उठली. तिच्या केसात माती होती. सुतार ऐकत होते, मेव्हणा ऐकत होता, फाटकाशी टायर घेऊन आलेलं एक गिऱ्हाईकही ऐकत होतं.

"माझं," ती म्हणाली. "डावं चाक मी मोजलंच नाही. उजवं मोजलं, तेही जॅकवर. आणि सगळ्यांसाठी म्हणून लिहून दिलं."

दिराने तोंड फिरवलं. अंगणात दोन येरझारा घालून तो थेट दुकानात शिरला, खण उपसले आणि बोटाएवढ्या जाडीची लोखंडी चकती घेऊन आला. "ही मागे घालू. चाक बाहेर सरकेल, पाइपला लागणार नाही. झालं काम."

"भावजी, घालून बघा आणि नट फिरवा. फेरे मोजा."

त्याने जॅक लावला, चाक काढलं, चकती घालून पुन्हा चढवलं आणि बोटांनी नट फिरवू लागला. एक, दोन, तीन. चौथ्या फेऱ्याला नट टेकला.

"आठ हवेत, तरच नट चाक धरून ठेवतो," वहिनी म्हणाली.

"चारवर चालतात लोक!"

"लोक चालत असतील. ठकीला चारवर मी पाठवणार नाही. तुम्ही पाठवाल?"

त्याने नट उलटा फिरवला आणि चकती खाली टाकली. ती घरंगळत जाऊन भिंतीला आपटली.

"जुनी चाकं चढवू मग," ठकी खिडकीतून म्हणाली. "मला जुनीच आवडायची."

दीर आणि वहिनी एकमेकांकडे पाहू लागले. जुनी चाकं सकाळीच गेली होती, टायरसकट. उताराच्या पलीकडे, ओढ्याजवळ रोपवाटिकेच्या बाई होत्या, त्यांना झाडं लावायला हवी होती. एवढी चांगली चाकं मातीत कशाला, असं वहिनी म्हणाली होती. दिरानेच हसून ती त्यांच्या हातगाडीवर चढवून दिली होती.

"एव्हाना झाडं लावूनही झाली असतील," दीर म्हणाला. "त्या बाई दिलेली वस्तू परत करणाऱ्यातल्या नाहीत. गेल्या वर्षी बादली मागायला गेलो तर दार लावून घेतलं." मग तो पायरीवर बसला आणि डोकं हातात धरलं. "नावनोंदणी झालीय, वहिनी. बाबांचं नाव दिलंय त्यात. पोरीने आठवडाभर शाळेसारखी उजळणी केलीय. आता काय तोंड दाखवू तिला?"

वहिनी ठकीजवळ गेली. खिडकीच्या काचेवर खडूचा अंगठा उमटू नये म्हणून तिने हात मागे धरले.

"ठके, दिवे लागायच्या आत तुझ्या आजोबांची चाकं इथे असतील. चारही. जमिनीवर उभी करून, दोन्ही बाजूंनी मापून देईन. उद्या तूच चालवशील."

"आणि त्यांनी दिली नाहीत तर?"

"मागणं माझं काम आहे. दिली नाहीत तर तेही मीच येऊन सांगेन, तुझ्या बाबांना सांगावं लागणार नाही."

ठकीने मान डोलावली. दिराने वर पाहिलं नाही. पण दुकानाच्या हातगाडीची साखळी त्याच्या पायाशी होती, ती त्याने पायानेच सोडवली आणि हातगाडी वहिनीकडे सरकवली.

फाटकातलं गिऱ्हाईक अजून उभंच होतं. "बाई, माझ्या टायरचं...?"

"उद्या या. किंवा दुसरीकडे दाखवा, मला राग नाही."

"उद्या येतो," तो म्हणाला.

वहिनीने हात धुतले, केसांतली माती झटकली. माती उपसायला एक खुरपं घेतलं, आणि ती रोपं लावायला दुकानामागचे पाच-सहा रिकामे डबेही हातगाडीत टाकले. रोपवाटिकेच्या बाईंसमोर कुठून सुरुवात करायची, हे काही तिला सुचलं नव्हतं. हातगाडीची मूठ धरून ती उताराला लागली. ओझं नसलेली गाडी पुढे पळू पाहत होती, म्हणून ती टाचा रोवत, सावकाश चालली.