राजाबाईची चिंचपेटी

शहापुरातल्या बायका जुना दागिना सराफाकडं नेण्याआधी बायाक्का पटवेकरणीला दाखवत. नवरा गेल्यावर मोती ओवायचं त्याचं काम तिनं हातात घेतलं होतं, आणि ओवता ओवता तिला मोत्याची पारख आली होती.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात तिला संकेश्वरपलीकडच्या एका गावाहून इनामदार नागोजीरावांचा निरोप आला. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. भावाची बायको राजाबाई आता कायमची निपाणीला, माहेरी निघाली होती. तिची मोत्यांची चिंचपेटी लग्नापासून नागोजीरावांच्या तिजोरीत होती. ती पंचांसमोर पारखून तिच्या हवाली करायची होती. ही चिंचपेटी राजाबाईच्या लग्नात बायाक्कानंच ओवली होती. सगळे बसऱ्याचे मोती, हरभऱ्याएवढे. बायाक्का आनंदानं सर्व्हिस मोटारीनं संकेश्वरला उतरली आणि इनामदारांनी धाडलेल्या छकड्यात बसली.

वाड्यावर पोचल्यावर नागोजीरावांनी तिला आधी कचेरीच्या खोलीत बोलावलं. प्यायला पाणी दिलं, प्रवासाची चौकशी केली. मग हळू आवाजात म्हणाले, "बायाक्का, लग्नाच्या वेळी हे मोती चार दिवस तुझ्या घरी होते. ध्यानात हाय न्हवं?"

ती व्हय म्हणाली.

"मग आज त्यात काय खोट निघाली, तर फौजदार पयल्यांदा कुणाच्या दारात येईल?"

एवढंच बोलून ते सदरेकडं निघाले. बायाक्काच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आपल्याला कशासाठी बोलावलंय ते तिला आता समजलं. मोती न बघताच समजलं.

सदरेवर गावचे पाटील बसले होते, आणि राजाबाईच्या बाजूनं तिचे म्हातारे चुलते आण्णाप्पा. राजाबाई आतल्या दाराच्या चौकटीशी उभी होती. पदर कपाळापर्यंत, मोकळे हात. बायाक्कापुढं लाल फडक्यावर चिंचपेटी ठेवली.

तिनं भिंगातून बघितलं. भोकाच्या कडेला मोत्याचा वर्ख पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खाली काच दिसत होती. तरी तिनं एक मोती दातावर घासला. खरा मोती दाताला किंचित खरखरतो. हा सरळ घसरला. दुसराही घसरला, तिसराही. काचेच्या पोकळ मण्यांत मेण भरलेलं, तेही हलकं काम. खरे मोती कुणीतरी उतरवून घेतले होते, आणि ते कुणी घेतले हे विचारायची गरज नव्हती.

तिनं भिंग खाली ठेवलं. फौजदार घरी आला, चार बायकांदेखत तिची ट्रंक उपसली, तर पुन्हा कुणी तिच्या हाती मोती देणार नव्हतं. तुरुंगाचा तर विचारही तिला करवेना. नागोजीराव पान जुळवत तिच्याकडंच बघत होते. पाटलांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "लिहू का, माल अस्सल म्हणून?"

बायाक्कानं तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून राजाबाई म्हणाली, "बायाक्का सांगतील तसं लिवा. मी अंगठा करते."

त्या आवाजात शंका नव्हती. बायाक्काला तिच्याकडं बघवेना. ती खाली फडक्याकडं बघतच म्हणाली, "काचंचं हाईत. सगळं."

नागोजीराव शांतपणे म्हणाले की, मग चोर समोरच बसलाय. पाटलांनी आत्ताच वर्दी द्यावी.

आण्णाप्पा पुढं सरकले. ते म्हणाले, "द्या की वर्दी. पर लग्नात ही पेटी मी बायाक्काकडनं माज्या हातानं घेतली, दातावर लावून. त्यानंतर ती तुमच्या तिजोरीत हाय. फौजदार आदी तिजोरी उघडंल, आन् मलाबी इचारंल."

नागोजीरावांनी पानाचं तबक बाजूला सारलं. पाटलांनी कागद घडी करून खिशात घातला.

परतीला छकडा मिळाला नाही. बायाक्का संकेश्वरपर्यंत उन्हात चालत आली. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की ती बांधावर चढून उसाच्या आड उभी राहायची. पुढचे आठ दिवस तिनं चूल पेटवण्यापलीकडं काही काम केलं नाही. दारावर थाप पडली की ती आधी फटीतून बघायची. मोती घेऊन आलेल्या दोन बायकांना तिनं ताप आल्याचं सांगून परत पाठवलं.

नवव्या दिवशी दुपारी आण्णाप्पा आणि राजाबाई आले. राजाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत सुटे मोती होते. ते दुसऱ्या डब्यात चुकून राहिले होते, असं नागोजीरावांनी सांगितलं होतं. वर्दीचा विषय पुन्हा कुणी काढला नव्हता.

बायाक्कानं एकेक मोती उजेडात धरून बघितला. सगळे तेच होते. तिला रडू फुटलं. आण्णाप्पा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

डोळे पुसून ती राजाबाईला म्हणाली, "आक्का, तुमास्नी खरं सांगते. त्या दिशी मी अस्सल म्हणणारच हुते. शब्द ओठावर आलता."

"मला दिसलं हुतं," राजाबाई म्हणाली. "म्हणून तर मी बोलले. मीबी लई भ्याले हुते."

मग तिनं मोती ओवायच्या रेशमाची लडी उचलली आणि गुंता सोडवून बायाक्काच्या हातात दिली.