रेघ म्हणजे निरंक नव्हे

मंगळवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी बालपालकत्व समितीच्या चार नंबरच्या खिडकीतून एका वजनकाटे तपासनिसाचा अर्ज आक्षेपासह परत आला. आक्षेप नवव्या रकान्यावर होता. दुरुस्तीची मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत.

अर्ज भाचीच्या पालकत्वासाठी होता. भाची नऊ वर्षांची. तिला घरीदारी सगळे बटण म्हणतात, कारण तीन वर्षांची असताना तिने मामाच्या कोटाचे बटण गिळले होते. तिचे वडील ती दोन वर्षांची असताना गेले. आई, म्हणजे तपासनिसाची धाकटी बहीण, चौदा महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून बटण मामाकडे आहे, पण कागदोपत्री ती अजून कुणाकडेच नाही. दुसरा अर्ज तिच्या आत्याचा आहे. आत्या बसने सहा तासांवर राहते. मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर मामाचा अर्ज निकालात निघणार आणि आत्याचा तेवढा उरणार.

नववा रकाना असा आहे: 'अर्जदाराच्या मते देव आहे / नाही.' खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की उत्तर कोणतेही असले तरी चालेल, माहिती मात्र खोटी असता कामा नये. तपासनिसाने तिथे एक आडवी रेघ मारली होती. लेखनिकाने ती संगणकात 'नाही' अशी उतरवली. आत्याला दुसऱ्या बाजूचा अर्ज पाहायचा हक्क होता. तिने तो पाहिला आणि लेखी हरकत घेतली: समितीच्या पहिल्या भेटीत हे गृहस्थ मुलीच्या प्रार्थनेला आपली ना नाही म्हणाले, आणि अर्जात नास्तिक निघाले. दोन्हींपैकी एक खोटे आहे.

"रेघ म्हणजे निरंकच ना?" लेखनिक म्हणाला.

"निरंक असतं तर शून्य लिहिलं असतं. वरचे रकाने बघा."

लेखनिकाने पाहिले. दाखल गुन्हे: ०. व्यसने: चहा, रोज चार कप.

"आमच्या कामात शून्य म्हणजे वजन केलं आणि काही भरलं नाही," तपासनीस म्हणाला. "रेघ म्हणजे वजनच केलं नाही."

"मग करा की आता. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. आमचं मशीन दोनच उत्तरं घेतं, रेघ घेत नाही."

"मशीन तुमचं आहे. सही माझी आहे."

लेखनिकाने अर्ज परत सरकवला आणि पुढच्याला बोलावले.

तपासनीस साडेअकराला कामावर पोहोचला. त्याची खोली तळमजल्यावर आहे. खिडक्या बंद, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही नाजूक काटा हलतो. टेबलावर काचेची पेटी, पेटीत तराजू, शेजारी मखमलीच्या खाचांत पितळी वजने. ती हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची. बोटाचा घामही वजनात भरतो. दुकानांचे, दवाखान्यांचे, टपालाचे काटे इथे येतात. तो तपासतो, आकडा लिहितो, खाली सही करतो. बावीस वर्षांत न पाहिलेला आकडा त्याने लिहिलेला नाही. खात्यात त्याला मिलीग्रॅम म्हणतात. तोंडावर म्हणतात.

"लिहून टाक ना 'आहे'," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "देव काय सही तपासायला येणार आहे?"

"मी तपासतो ना."

"बरं, मग 'नाही' लिही. मान्य कर आणि माफी माग. पोरीचा प्रश्न आहे, मिलीग्रॅम. हट्टाची ही वेळ नाही."

"पोरीचाच प्रश्न आहे." त्याने चिमट्याने दोन ग्रॅमचे वजन उचलले. "उद्या ती मोठी होईल, फाइल काढून बघेल. खाली माझी सही असेल. आता बोलू नकोस, काटा स्थिरावतोय."

बुधवारी संध्याकाळी आत्या आली. सुनावणी गुरुवारी होती. ती दर खेपेला उतरते तिथेच उतरली, तपासनिसाच्याच घरी. बटणच्या खोलीत तिची गादी आधीच घातलेली होती.

"हरकत घेतली म्हणून राग नाही ना, भाऊ?" तिने जेवताना विचारले.

"हरकत चुकीच्या नोंदीवर आहे. नोंद चुकली ती माझ्या रेघेमुळे. राग कसला, ताई? भात घ्या."

"मग आहे म्हणा ना! माझी वहिनी, तुमची सख्खी बहीण, रोज हात जोडून झोपायची. तिच्या मुलीसाठी तुम्हाला एक शब्द जड झाला?"

"बटण रोज हात जोडते. विसरली तर मी आठवण करतो. तिच्या आईने सांगितलं होतं, म्हणून करतो."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"काही वाटत नाही. मी त्यात डोकं घातलेलं नाही."

आत्याने ताट बाजूला सारले. "नाही म्हणणारा परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं. तुम्हाला पर्वाच नाही!"

"मामाला पर्वा नाही असं नाही," बटण म्हणाली. "माझी वही सरळ आखली नाही तर तो परत आखायला लावतो."

आत्याला हसू आले. तिने ते आवरले, पण उशिरा.

"तू विचारलंस का गं कधी मामाला, देव आहे का म्हणून?"

"विचारलं की. मामा म्हणाला, मला माहीत नाही, आत्याला विचार, आणि आधी दूध संपव."

"मग मला का नाही विचारलंस?"

"दूध संपेपर्यंत विसरले."

गुरुवारी अकराला सुनावणी सुरू झाली. समितीत दोघे: अध्यक्षबाई आणि एक निवृत्त हेडमास्तर. बाईंच्या पर्समध्ये प्रार्थनेचे छोटे पुस्तक असते आणि त्या ते लपवत नाहीत. हेडमास्तर देव मानत नाहीत आणि तेही लपवत नाहीत. दोघांचे एकमेकांशी फारसे जमत नाही. त्या दिवशी एका बाबतीत जमले: दोघांनाही हा अर्जदार समजेना.

बाई म्हणाल्या, "आमच्या तपासणीचा अहवाल तुमच्या बाजूने आहे. घर, शाळा, शेजारी, सगळं चांगलं. 'आहे' असं लिहा, आत्या हरकत मागे घेतील, विषय संपेल. अगदी बारीकशी श्रद्धा असली तरी पुरे."

"बारीकशी म्हणजे किती, ते मला सांगता येणार नाही, बाई."

हेडमास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही मोजमापाची माणसं. पुराव्याशिवाय बोलत नाही. म्हणजे आमच्यातलेच. सरळ 'नाही' लिहा. पहिल्या भेटीतला तुमचा शब्द शिष्टाचार होता असं मी टिपणात नोंदवतो. कुणाला घाबरायचं कारण नाही."

"घाबरत नाही, सर. पण 'नाही' म्हणायलाही तपासावं लागतं. मी तपासलेलं नाही."

"मग तपासा! माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे हा."

"असेल. माझ्याकडे आला नाही. म्हणजे त्यावाचून काही अडलं नाही."

"बहीण गेली तेव्हाही नाही?" हेडमास्तरांचा आवाज खाली आला होता.



"तेव्हा बटणला एकशे तीन ताप होता. दर सहा तासांनी औषध होतं, वजनाप्रमाणे, साडेसात मिली. मी घड्याळ बघत होतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या, "मला तुमच्याविषयी वाईट वाटतंय, पण रकाना भरावाच लागेल. शुक्रवार, चार. अपूर्ण अर्ज मला पुढे नेता येत नाही."

"अपूर्ण नाही, बाई. रिकामा सोडला असता तर अपूर्ण. मी रेघ मारली आहे."

बाई आणि हेडमास्तरांनी एकमेकांकडे पाहिले. कारकिर्दीत बहुधा पहिल्यांदाच.

आत्या दारापाशी बाकावर बसून हे ऐकत होती. परतताना वाटेत ती एकच वाक्य बोलली: "हरकत मी मागे घेणार नाही, भाऊ."

"घेऊ नका. तुम्हाला जे वाटतं ते तुम्ही लिहिलंत. मी तेच करतोय."

शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तपासनीस चार नंबरच्या खिडकीशी उभा होता. अर्ज तोच. नवव्या रकान्यातली जुनी रेघ त्याने पट्टी धरून पुन्हा ओढली होती, आता ती चुकूनही ओरखडा वाटली नसती. सोबत एक पुरवणी कागद होता. त्यावर आपल्या खात्यातल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावरचा नियम त्याने जसाच्या तसा उतरवला होता: 'शून्य: वजन केले, भार आढळला नाही. रेघ: वजन केले नाही. रेघेच्या जागी शून्य वाचणे ही चूक समजावी.' त्याखाली स्वतःचे तीन ओळींचे निवेदन होते. मुलगी प्रार्थना करत असेल तर मी तिला अडवणार नाही. करत नसेल तर भाग पाडणार नाही. देवाविषयी माझे मत विचारल्यास मी तपासलेले नाही असे सांगेन, कारण तसे आहे.

लेखनिकाने कागद दोनदा वाचला.

"साहेब, मी सांगू का? एक शब्द लिहा आणि घरी जा. कुठलाही. मी कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही माझ्या रेघेचं 'नाही' केलंत, त्याचाही मी राग धरलेला नाही. तुमच्याकडे रेघेचा अर्थ तोच असेल. पण आता अर्थ लिहून दिला आहे. शिक्का मारा."

"मशीन घेणार नाही."

"ते मशीनने सांगावं. तुम्ही कागद घ्या."

मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "घ्या हो लवकर, चार वाजतील."

लेखनिकाने शिक्का शाईवर दाबला, मग कागदावर. पोहोच मिळाल्याची वेळ: तीन बावन्न. तपासनिसाने शिक्क्यावरची वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि तो बटणला शाळेतून आणायला गेला.

सोमवारी सकाळी अकरापर्यंतची स्थिती अशी. संगणकातली 'नाही' ही नोंद लेखनिकाने स्वतःच्या सहीने रद्द केली आहे. तिच्या जागी रेघ भरण्याचा त्याने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पडद्यावर तांबडी चौकट आली. फाइल अध्यक्षबाईंच्या टेबलावर आहे. हेडमास्तरांनी तिच्यावर पेन्सिलीने एक टिपण लिहिले, मग खोडले. आत्याची हरकत कायम आहे. बटण शाळेत आहे. नवव्या रकान्यापुढे संगणकात 'प्रलंबित' असे दिसते.