रानातलं शिआचं झाड कुणाचं

"पोरी, आधी ते यंत्र खाली ठेव, मग काय ते इच्चार," अझारा म्हणाली आणि डोक्यावरच्या घमेल्यातली, बियांतनं लोणी निघतं ती शिआची फळं तिनं अंगणात ओतली.

घानातल्या तमाले शहराहून आलेल्या संस्थेची शमिमा पाटीएवढं यंत्र छातीशी धरून उभी होती. सरकार रानातल्या झाडांची नोंद करणार होतं. पण सरकारकडं ना माणसं, ना गाडीत घालायला तेल. ते सगळं संस्थेकडं. म्हणून नियम सरकारचा, प्रश्न संस्थेचे आणि उन्हात उभं राहायचं ते गावच्या बायांनी.

"मावशी, एवढंच सांगा. ओढ्यावरचं ते शिआचं मोठं झाड कुणाचं?"

"माझ्या भावाचं हुतं," मागून नपारी बोलला. अझाराच्या मेलेल्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. "भाऊ गेला, आता माझं. लिही."

झाडं तोडून नेणाऱ्या कोळसेवाल्याची मोटारसायकल कालच नपारीच्या दारात उभी होती. गावानं पाहिली होती.

"रानातलं झाड कवापासनं तुझं झालं, भावजी? पहाटं साप-इंचवातनं फळं येचतो आमी, तवा तू घोरत असतोस!"

"मग तुझं म्हन की, वैनी!"

मेख तिथंच होती. रानातल्या शिआला बाईनं 'माझं' म्हणायचं नाही; म्हटलं की झाड फळ धरत नाही, अशी गावाची समजूत. नाव नपारीचं लागलं तर कुऱ्हाड आलीच, आणि त्या फळांच्या लोण्यावर तर तिची चूल पेटत होती. कुणाचंच नाही म्हणावं, तर सरकार घेणार. शमिमा बोलायला गोड होती खरी, पण गूळ कुणाच्या दुकानातला, हे कुणी सांगावं?

"लिही, झाड वुम्पिनीचं," अझारा म्हणाली.

शमिमा शेजारच्या वुम्पिनीकडं गेली.

"माझं? काय तरी बोलू नगंस! ते रहमताचं."

रहमतानं तिसरीचं नाव घेतलं. दिवस कलेपर्यंत एका झाडाला वेचणाऱ्या सगळ्या बायांची नावं लागली. स्वतःचं कुणी घेतलं नाही आणि नपारीचं तर चुकूनही नाही. यंत्रात मात्र जागा एकाच नावाची.

पावसाळा सरल्यावर शमिमा परत आली, हसत. एका जागेत एवढी नावं बसेनात म्हणून सरकारी साहेब संस्थेवर चिडले होते, संस्था साहेबांवर. शेवटी संस्थेनंच नियमात नवी ओळ घालायला लावली: झाड वेचणाऱ्या बायांचं सामाईक, सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय तोडायचं नाही. राजधानीत त्याबद्दल संस्थेला टाळ्याही पडल्या होत्या.

"टाळ्या तुमाला. बरं," अझारा म्हणाली. "आमची नावं आता कुनाकडं?"

"सरकारकडं. आणि आमच्याकडं."

"अन् आमच्याकडं?"

शमिमानं यंत्र उघडलं; नावं त्यातच होती.

"मंग वाच. हितंच, अंगनात. मोठ्यानं, समद्या गावाला ऐकू जाईल असं."

शमिमा वाचू लागली. बाया कुंपणाशी जमल्या. पलीकडं नपारीचं खाकरणं थांबलं आणि त्याच्या दाराची कडी आतून लागली. शमिमाचा आवाज जरा खाली आला.

"दमलीस व्हय?" अझारा म्हणाली. "पानी पी. अन् पयल्यापासनं वाच."