लोण्याची भूक

गव्हाणीखाली पेंढ्याचा एक बोळा पडला होता. करंगळीएवढा, ओला, एका बाजूने चपटा. बोटांनी उकलला तर आत जवाचे दाणे अख्खेच. लाळ होती, दाताची खूण मात्र कुठेच नव्हती. बाकी जमीन लख्ख झाडलेली.

खालच्या घरांतून काठ्यांचा आवाज येत होता. परातींवर कापड ताणून लोक किफ, म्हणजे सुकवलेला गांजा, भुकटीसाठी बडवत होते. या दिवसांत आमच्या डोंगराळ केतामात हा आवाज थांबत नाही. मी जनावरांची डॉक्टर. सकाळपासूनची ही चौथी चढण होती आणि गुडघे बोलत होते.

"बघा डॉक्टरीणबाई," मिमूंत मावशीचा दीर हम्मादी दारातूनच म्हणाला, "तुमच्या सुयांनी जमलं नाही ते माझ्या लोण्यानं केलं!"

झरका, मावशीची करडी खेचरी, गव्हाणीत तोंड खुपसून अधाशासारखी खात होती. थंडीभर तिने चाऱ्याकडे पाठ फिरवली होती. आता फासळ्या मोजता येत होत्या, तरी मान वर निघत नव्हती.

"किफची भुकटी कच्ची दिलीस की तापवून?" मी विचारलं.

"आधी कच्ची. काही नाही झालं. मग लोण्यात मंद आचेवर."

"तापवल्याशिवाय अंमल चढत नाही. भूक लागलीय तिला, हम्मादी. खरी भूक."

"मग तुमचं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी झरकाची जीभ बाजूला धरली आणि त्याला आत बघायला लावलं. दाढा ओढ्यातल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत, मागच्या तर नाहीतच. कानशीने घासायलाही काही उरलं नव्हतं. भिजवलेला कोंडा दिला तेव्हा तो घशात अडकून तिचा जीव जाता जाता राहिला होता.

"ती खात नाहीये," मी म्हटलं. "तोंडात घोळवते आणि टाकते. आधी उपाशी होती, पण भुकेची जाणीव नव्हती. आता तीही आहे."

हम्मादीने टोपी काढली, परत घातली. "मला वाटलं, खातेय ना..."

"बोळे दिसले नाहीत तुला?"

"कुठले बोळे?"

मी मावशीकडे पाहिलं. ती केरसुणी घेऊन उंबऱ्यात बसली होती. झरका शिंगरू असताना तिला मावशीच्या नवऱ्याने विकत आणलं होतं, आणि शेवटच्या दुखण्यात त्याला पाठीवरून डोंगराखाली नेलं तेही झरकानेच. झरकाला कायमचं झोपवणाऱ्या सुईचं मी थंडीच्या सुरुवातीला सुचवलं होतं. तेव्हा मावशीने मला चहा दिला आणि विषय बदलला. त्यानंतर दर फेरीला चहाच.

आज चहा नव्हता. तिने हात पुढे केला. मी बोळा दिला. तिने तो पिळला, हात पदराला पुसला.

"रोज चुलीत टाकते मी," ती म्हणाली. "हा उठायच्या आत."

"वहिनी!"

"तू गप रे. इतक्या हौसेनं लोणी कढवत होतास." मग माझ्याकडे वळून, "पोरी, सुई टोचताना तिला अशीच भूक असेल?"

"आत्ता टोचली तर असेल. लोण्याचा अंमल दुपार कलेपर्यंत उतरतो."

झरकाच्या तोंडातून आणखी एक बोळा पडला. मावशीने केरसुणी उचलली नाही.

"आता लोणी नको, हम्मादी," ती म्हणाली. "आणि तू थांब पोरी. दुपार कलली की सुई दे."